प्रबंध आणि प्रबंधकार



वसंत व्याख्यानमालेत संतांवर बोलावे, शिवछत्रपतींवर बोलावे, फार तर शेतीच्या भावावर बोलावे, अशी आपली रीत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली तेव्हापासून व्यासपीठावर नाना विषय आले. परंतु चालकांनी मला दिलेला विषय जरा वेगळा आहे. पीएच.डी.साठी नुकतीच नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याने आपल्या अंगच्या कौशल्यांची आखणी कशी करावी, यावर मी बोलावे अशी त्यांची इच्छा आहे. मघाशी चहाच्या वेळी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला हळूच विचारले, "सर, भोकरात असे पीएच.डी.वाले असून असून किती असतील?" प्रश्न रास्त आहे. संख्या थोडीच असेल. पण त्यांतला प्रत्येकजण कुणाच्या तरी घरचा आहे, आणि त्याची पाच-सहा वर्षे ही त्या सबंध घराची पाच-सहा वर्षे असतात. म्हणून हा विषय केवळ त्या दहा-वीस जणांचा नाही. त्यांच्या आईबापांचा आहे, आणि म्हणून गावाचाही आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे याच भागातली एक मुलगी संशोधनासाठी आली. तिच्या घरात तिच्याआधी कुणी पदवीधरही नव्हते. नोंदणी होऊन वर्ष लोटले आणि एके दिवशी तिचे वडील मला भेटावयास आले. सोयाबीन विकून परतत होते. धोतराला धूळ होती. पाणी प्याले आणि म्हणाले, "सर, रागावू नका, पण लेक तिकडं नेमकं काय शिकायली? डॉक्टरकीचं असतं तर सुई टोचताना तरी दिसली असती. वकिलीचं असतं तर काळा कोट दिसला असता. हे काय शिकणं आहे ते मला घरी जाऊन सांगता येईना."

मी त्यांना विषयाचे नाव सांगितले. त्यांनी मान हलविली. पण मला कळून चुकले की त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे. ती कशावर लिहिते हे त्यांना विचारावयाचे नव्हते. तिला काय येऊ लागले, हे विचारावयाचे होते. आणि खरे सांगतो, त्या दिवशी ते मलाही सांगता आले नाही. कारण ते आम्ही दोघांनी, तिने आणि मी, कधी ठरविलेच नव्हते. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या शेतकऱ्याला उशिरा दिलेले उत्तर समजा.

संशोधनाच्या काळात दोन गोष्टी घडत असतात. एक प्रबंध घडतो आणि दुसरा प्रबंधकार घडतो. प्रबंध बांधून होतो, त्यावर सोनेरी अक्षरे पडतात, आणि तो कपाटात जातो. प्रबंधकाराला मात्र पुढची तीस-चाळीस वर्षे जगावयाचे असते. असे असूनही आपल्याकडे रूपरेषा असते ती फक्त प्रबंधाची. त्याची प्रकरणे किती, उद्दिष्टे कोणती, गृहीतके कोणती, हे सारे नोंदणीच्या वेळी लिहून घेतात. प्रबंधकाराची रूपरेषा कुणी मागत नाही, म्हणून कुणी लिहीतही नाही. ती स्वतःहून लिहावी, एवढेच माझे आजचे सांगणे आहे.

हे नवे खूळ आहे असे कुणास वाटेल. नव्हे. १९१३ साली बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन एक बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. पदवीपुरते चार विषय केले असते तरी कुणी नाव ठेवले नसते. पण भीमराव आंबेडकरांनी तिथे काय काय केले याचा हिशेब उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि त्याशिवाय प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन प्रत्येकी एक. या शेवटच्या दोहोंकडे आपण लक्ष द्यावे. मुंबईहून गेलेल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला फ्रेंच-जर्मनची काय गरज? गरज अशी, की त्या काळी अर्थशास्त्रातले पुष्कळ मोलाचे लेखन त्या भाषांतून होत असे. अवजार आधी मिळवावे आणि मग रानात उतरावे, हा शेतकऱ्याचा धर्म त्यांनी तिथे पाळला.

पुढे पहा. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला, आणि पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. म्हणजे जाणकारांपुढे उभे राहून वाचणे, प्रश्न झेलणे आणि मग ते लेखन छापण्याजोगे करणे, ही तिन्ही कामे विद्यार्थिदशेतच हातून झाली. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून, पैसे जमवून ते १९२० साली पुन्हा गेले. लंडनला सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी सुधारून मागितला. तो त्यांनी सुधारून दिला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळविली. टीका ऐकून घेणे, तीतले घ्यावयाचे ते घेणे आणि पुन्हा लिहावयास बसणे हेही कौशल्यच आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत अवघड आहे. ज्यांनी पुढे १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढून मराठवाड्यातील कितीतरी घरांना उच्च शिक्षणाचे दार उघडले, ते स्वतः विद्यार्थी असताना कसे वागले, हे आपण त्यांच्या जयंतीला जितके सांगावयास हवे तितके सांगत नाही.

आता कुणी म्हणेल, ते लोकोत्तर पुरुष होते. आमच्या पोरांना हे कसे जमावे? याचे उत्तर देताना एक अप्रिय गोष्ट बोलावी लागते. ज्या घरात आजोबा शिक्षक होते, वडील प्राध्यापक आहेत, त्या घरातल्या मुलाला कित्येक गोष्टी न शिकविता येतात. संदर्भ कसा टिपावा, अनोळखी विद्वानाला पत्र कसे लिहावे, मार्गदर्शकाशी मतभेद झाल्यास कोणत्या शब्दांत सांगावे, परिषदेत प्रश्न कसा विचारावा, हे तो जेवताना ऐकून शिकतो. आपल्या मुलांच्या घरी जेवताना पावसाची आणि कर्जाची बोलणी होतात. त्यात कमीपणा काही नाही. पण ती दुसरी विद्या आहे. निजामी राजवटीत साऱ्या हैदराबाद संस्थानाला मिळून १९१८ साली स्थापन झालेले एक उस्मानिया विद्यापीठ होते, आणि तिथले शिक्षण उर्दूतून. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ झाले ते १९५८ साली, आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ झाले ते १९९४ साली. म्हणजे भोकरच्या मुलाच्या दारापर्यंत विद्यापीठ येऊन जेमतेम एक पिढी झाली आहे. ज्याला वारशाने मिळाले त्याला आखणी केली नाही तरी चालेल. ज्याला मिळाले नाही त्याला ती करावीच लागेल. आखणी हा गरिबाचा वारसा आहे, असे मी समजतो.

तेव्हा प्रथम नियम काय म्हणतात ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम केले. त्यांप्रमाणे मुदत कमीत कमी तीन वर्षे आणि सामान्यतः जास्तीत जास्त सहा वर्षे. स्त्रियांना व दिव्यांगांना अधिक सवलत आहे. सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, आणि संशोधनातील व प्रकाशनातील नीतीचे शिक्षण त्यात येते. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे जाऊन काम दाखवावे लागते. शिवाय विद्यार्थ्याने अध्यापनाचे व लेखनाचेही शिक्षण घ्यावे, आणि आठवड्याला चार ते सहा तास शिकविण्याचे किंवा तत्सम काम त्याला देता यावे, अशीही तरतूद आहे. विलायतेत हा विचार याआधीच झाला होता. २००२ साली सर गॅरेथ रॉबर्ट्स यांनी तिथल्या सरकारला दिलेल्या अहवालात, प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला दरवर्षी निदान दोन आठवडे अशा कौशल्यांचे शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली होती.

आणखी एक नियम आईबापांनी ऐकून ठेवावा. २०२३ सालच्या दुरुस्तीने सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता ठरली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. म्हणजे 'पोरगा पीएच.डी. झाला की प्राध्यापक होणार' हे गणित आता कागदावरही राहिले नाही. मग सहा वर्षांनी हाती काय राहणार? जी कौशल्ये मिळविली ती राहणार. ती कोणती मिळवावी हे सहाव्या वर्षी ठरवून कसे चालेल? पेरणी मृगात होते. दिवाळीत बियाणे शोधणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे सांगावयास नको.

आता आखणी कशी करावी. एक साधी शंभरपानी वही घ्यावी. पानावर चार रकाने पाडावेत. पहिल्यात 'माझ्या कामाला काय यावयास हवे', दुसऱ्यात 'आज मला किती येते', तिसऱ्यात 'कुठे, कुणाकडून आणि कोणत्या महिन्यापर्यंत शिकणार', आणि चौथ्यात 'आले, हे कशावरून'. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तिथे 'प्रमाणपत्र मिळाले' असे लिहू नये. तिथे केलेले काम लिहावे. 'संख्याशास्त्र शिकलो' ही नोंद कच्ची; 'चाळीस घरांची माहिती स्वतः मांडली आणि तिची सरासरी व विचलन काढून मार्गदर्शकांना दाखविले' ही नोंद पक्की. कार्यशाळांची प्रमाणपत्रे फाईलभर जमा करणारी मुले मी पाहिली आहेत. जत्रेतून फुगे आणावेत तशी ती आणतात. घरी येईतो हवा गेलेली असते.

पहिल्या रकान्यात काय यावे, याची दोन-तीन उदाहरणे देतो. पहिले, साधनांची भाषा. आपला हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला राज्यकारभार उर्दूत चाले. म्हणजे आपल्या आजोबांच्या जमिनीची, महसुलाची, शाळांची हकीकत उर्दू लिपीत पडली आहे आणि त्यामागची कित्येक कागदपत्रे मोडीत व फार्सीत. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१०चा. त्यांनी सरकारी नोकरी सांभाळून उर्दू-फार्सीवर प्रभुत्व मिळविले आणि मोगलकालीन साधने मराठीत आणली. भोकरच्या स्टेशनवरून जी गाडी आदिलाबादला जाते, त्या आदिलाबाद जिल्ह्यात नेमणूक झाली तेव्हा ते गोंडी शिकले आणि तिचे व्याकरण लिहिले. जिथे काम तिथली भाषा, असा त्यांचा बाणा होता. आपल्या शेजारच्या किनवट तालुक्यात गोंड आणि कोलाम राहतात. त्यांच्यावर प्रबंध लिहिणाऱ्या किती जणांना त्यांच्या भाषेत कुशल विचारता येते?

या ठिकाणी माझी चूकही सांगून टाकतो. मी १९८६ साली संशोधनास आरंभ केला. माझा विषय याच भागातील शेतजमिनीचा होता, आणि मला उर्दू वाचता येत नव्हते. 'कुणाकडून तरी वाचून घेऊ' असे म्हणालो. एक वृद्ध गृहस्थ कृपाळूपणे वाचून दाखवीत. ते आजारी पडले की माझे काम आजारी पडे. त्यांच्यानंतर पुष्कळ कागद माझ्यापुढे असूनही मला बंदच राहिले. रोज अर्धा तास दिला असता तर वर्षभरात मी स्वतः वाचू लागलो असतो. शिवाय टिपणे मी सुट्या चिठ्ठ्यांवर घेतली आणि पुष्कळांवर पृष्ठांक घालावयाचा राहिला. शेवटल्या वर्षी चार महिने मी केवळ ते पृष्ठांक पुन्हा शोधण्यात घालविले. माझ्या प्रबंधात जे उणे राहिले ते बुद्धीचे नव्हते, आखणीचे होते.

आणि असे समजू नका की ही विद्या विद्यापीठाबाहेर निरुपयोगी आहे. २०२३ साली शासनाने न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातील जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कचेऱ्या-कचेऱ्यांतून उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज पडली. त्या प्रश्नाच्या वादात मी शिरत नाही. दप्तर आपल्या घरचे आणि ते वाचणारा बाहेरून शोधावा लागावा, एवढे मात्र आपल्याला सलले पाहिजे.

दुसरे कौशल्य मोजण्याचे, आणि मोजून जे निघेल ते बोलण्याचे. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे मत असे होते की मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असे आपल्या प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध हे लिहिण्याचे बळ कशातून आले? मापे स्वतः घेतली होती आणि ती नीट नोंदवून ठेवली होती, त्यातून आले असावे. ज्याच्या नोंदी पक्क्या त्याला उद्धटपणा करावा लागत नाही. तो नम्रपणे वही पुढे सरकवितो. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

तिसरे कौशल्य लिहिण्या-बोलण्याचे. आमची मुले चार वर्षे 'वाचन चालू आहे' म्हणतात आणि पाचव्या वर्षी एकदम लिहावयास बसतात. पोहणे काठावर बसून येत नाही. पहिल्या महिन्यापासून आठवड्याला दोन पाने लिहावीत. वाचलेल्या एका लेखाचा सारांश आणि त्यावर आपली एक शंका, एवढे पुरे. बोलण्याचा सराव सल्लागार समितीपुढेच प्रथम करू नये. आपल्या गावच्या वाचनालयात दहा माणसांपुढे करावा. जी गोष्ट बाजारच्या दिवशी आलेल्या माणसाला पंधरा मिनिटांत समजावता येत नाही, ती आपल्याला समजली आहे काय, याचा संशय धरावा. इंग्रजीची भीती बाळगू नये आणि तिची टवाळीही करू नये; तेही एक अवजारच आहे, रोज घासले की चालते.

वर्षांची वाटणी मी अशी करीन. पहिल्या वर्षी भाषा, टिपणांची शिस्त, संदर्भांची शिस्त आणि नीतिनियम. दुसऱ्या वर्षी आपल्या शास्त्राची पद्धती, मग ती मुलाखतीची असो, प्रयोगशाळेची असो वा संगणकावरच्या आकडेमोडीची असो. आणि एक परिषद, एकच, पण तयारीने. तिसऱ्या वर्षी एक लेख चांगल्या नियतकालिकाकडे पाठवावा. नव्या नियमांत प्रबंधापूर्वी लेख छापलाच पाहिजे अशी सक्ती नाही; म्हणून तर घाईने, पैसे भरून कुठेतरी छापून आणण्याचा मोह आता सोडता येईल. त्याच वर्षी वर्गात उभे राहून शिकवावे, आणि नेट-सेट राहिली असल्यास तीही उरकावी. दर सहा महिन्यांनी वही उघडून मार्गदर्शकांपुढे बसावे आणि विचारावे, "सर, यातले काय आले, काय राहिले?" मार्गदर्शकही माणूसच असतो, नेमका प्रश्न विचारला तर तो बहुधा नेमके उत्तर देतो. आणि आखणी म्हणजे शिलालेख नव्हे. पाऊस लांबला की आपण पीक बदलतो. तशी ती बदलावी, पण बदलल्याची तारीख लिहून बदलावी.

शेवटी गावाला दोन शब्द. संशोधक मुलाला, विशेषतः मुलीला, 'अजून संपलं नाही का?' हा प्रश्न आपण लग्नात, बारशात, तेराव्यालाही विचारतो. तो एवढा सोपा प्रश्न नाही. तो ऐकून पुष्कळांनी अर्ध्यावर सोडले आहे. त्याऐवजी 'या सहा महिन्यांत काय नवे शिकलीस?' असे विचारावे. आपल्या वाचनालयाने रात्री दहापर्यंत एक खोली, एक दिवा आणि एक टेबल या मुलांसाठी ठेवावे. उर्दू-मोडी जाणणारी जी वृद्ध माणसे आज गावात असतील, त्यांच्याकडे मुलांना पाठवावे, आणि लवकर पाठवावे.

त्या मुलीचे काय झाले, हे आपण मनात विचारीत असाल. वडील गेल्यावर मी तिला बोलावले आणि आम्ही दोघांनी वही केली. उशीर झाला होता, पण झाली. पुढच्या उन्हाळ्यात तिने घरातल्या जुन्या पेटीतला, आजोबांच्या वेळचा उर्दू कागद वडिलांना ओसरीवर वाचून दाखविला. त्यात त्यांच्या शेताच्या चतुःसीमा होत्या. वडील नंतर मला बाजारात भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, "सर, आता घरी सांगता येतंय."